लग्नाच्या कॅमेऱ्यातला समुद्र

परभणीत एसटी स्टँडजवळ बशीरभाईंचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. लाइट गेली की कॅमेरे बंद आणि तोंडं सुरू! मी तिथला लाइटवाला. लग्नाचे किस्से इतके साचले की कोणाच्या लग्नातला कोणता, हेच कळेना. समुद्राचे मात्र वेगळे ठेवलेत.

*

कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारे कांबळे सर एकदा दुकानात आले. मोठे ट्रॉलर किनाऱ्यापर्यंत घुसून समुद्र खरवडून नेतात, मासळी संपत चालली आहे, त्यावर त्यांना डॉक्युमेंट्री करायची होती. मुंबईचा कॅमेरामन परवडत नव्हता.

बशीरभाईंनी सवयीनं विचारलं, "पार्टी कुणाकडची? नवरदेवाकडची का नवरीकडची?"

सर म्हणाले, "माशांकडची."

*

कोकणात पोचलो. तिघांपैकी समुद्र फक्त सरांनी पाहिलेला. मी वायरचं भेंडोळं घेऊन थेट होडीपाशी गेलो आणि पिन कुठं लावायची म्हणून विचारलं. लोक अजून हसत असतील.

बशीरभाई बराच वेळ पाण्याकडं बघत राहिले. मग चिंतेनं म्हणाले, "बॅकग्राउंड लय मोठंय सर. एवढा पडदा आपल्याकडं न्हाई."

*

होडीचे प्रमुख होते गोविंद तांडेल. साधा, कमी बोलणारा माणूस. एखाद्या साहेबानं हे डोळ्यांनी बघितलं तर ट्रॉलर हटतील, ही त्यांची आशा, आणि ती आमच्यासारख्यांवर टांगलेली! पोरं मुंबईला हमालीला गेली, हे ते सांगत असताना बशीरभाई कॅमेऱ्यामागून म्हणायचे, "तांडेल, जरा हसा."

नवऱ्या मुलीला रडताना हसवायची सवय, ती जाते कुठं? सर कपाळाला हात लावायचे. दोन दिवसांत तांडेलांना मात्र हसायची सवय लागली.

*

तिसऱ्या दिवशी रिकामं जाळं शूट करायचं होतं. सर चहा पिऊन येतात तर जाळं मासळीनं गच्च! बशीरभाईंनी बाजारातून टोपल्या आणून ओतल्या होत्या.

"हे काय केलंत?"

"सर, पार्टीची इज्जत हाय. रुखवत कमी पडलं तर आमी शेजाऱ्याचे लाडू मांडतो. रिकामं जाळं कॅसेटात दाखवावं का?"

सर वाळूतच बसले. रिकामं जाळं हाच आपला सिनेमा आहे, हे त्यांनी हळू आवाजात समजावलं. बशीरभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी जाऊन तांडेलांचे हात धरले आणि माफी मागितली. मलाही फार वाईट वाटलं.

*

चौथ्या दिवशी पहाटे खरं जाळं ओढलं. शेवाळ आणि दोन-चार खेकडे. कॅसेट जेमतेम त्या एका शॉटपुरती उरलेली. बशीरभाई जन्मात पहिल्यांदा गप्प राहिले. तांडेलांनी जाळं दोन्ही हातांनी उंच धरलं. आमचं सगळ्यांचं लक्ष जाळ्याकडं होतं.

पुढं कॉलेजच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला. सरांनी खटपट करून मुंबईहून मत्स्य खात्याचे एक साहेब आणले होते. बशीरभाई इस्त्रीच्या शर्टात पहिल्या रांगेत. शेवटचा शॉट आला. रिकामं जाळं, मागं एवढा मोठा समुद्र, आणि तांडेल कॅमेऱ्याकडं बघून छान हसतायत.

साहेब सरांकडं झुकले. म्हणाले, "माणूस तर खूश दिसतोय. मग तक्रार नेमकी कोणाची आहे?"