गादीवाल्या चाचाची थरथर

अकोल्याचा पोरगा बोलून राहिला, आता कापूस येईन, फवारणी येईन, असं वाटलं असन तुमाले. नाई येत. इथं बिर्याणी हाय. तेबी मले भेटली नाई.

शुगरच्या नव्या गोळीची माणसाइवर चाचणी सुरू होती. दवाखाना अकोल्यात, कंपनी मुंबईची. पेशंटले तब्येत विचारून वहीत लिहिणं, हे माहं काम. त्या दिवशी कंपनीचे पाहुणे जेवून राहिले होते. मी पाण्याचा जग धरून उभा. डॉक्टर म्हणे, "अरे, तो बाळापूरचा गादीवाला करून दाखव."

नकला मी शाळेपासून करतो. मास्तर, कंडक्टर, कोणीबी. केला मंग रहीमचाचा. गोळी घेतली का हात कसे कापते, घाम कसा सुटते, जीभ कशी जड पडते. "साहेब, जमीन हालून राहिली." टेबल हसलं. एक म्याडम तं डोळे पुसून राहिली.

मीबी हसलो. मंग आठवलं. हेच कापणं मी वहीत लिहिलं होतं, आन् डॉक्टरनं खोडाले लावलं होतं. एकदा नाई, तीनदा. वहीत त्याले जागा नोती. जेवणात होती.

"वन्स मोअर," पाहुणे म्हणे.

लय थकलो होतो. पण केली आणखी एक नक्कल, आता डॉक्टरची. मान तिरपी, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हुबेहूब आवाज: "खोड ते. तक्रार नाही, असं लिही. म्हाताऱ्यांना होतं असं भुकेनं."

कोणी हसलं नाई. म्याडमनं चमचा ठेवला. "वही कुठे आहे?"

जग खाली ठेवला. वही आणली. त्याइच्या समोर लिहिलं. हात कापते. घाम सुटते. तीनदा खोडलं. खाली माही सही.

चाचाची गोळी बंद झाली. माही नोकरी गेली. वही तिकडंच राहिली, म्हणून इथं सांगून राहिलो. आता कोणी म्हटलं तरी खोडत नाई.

बाळापूरले चाचाले सांगाले गेलो. वाटलं, चहा पाजन.

"काहून लिहिलं बे? फुकट भेटे गोळी. लोकाइच्या घरात कापूस नाई, गाद्या कोण भरून राहिलं? आता इकत कोठून आणू?"

आला का नाई कापूस.

म्हटलं, "चाचा, ते गोळी तुमाले पाडत होती."

"पडीन तं मी पडीन. तू कोण लागून गेला?"

म्हटलं, "पुन्हा लिहीन."

मंग तं लयच झापलं त्यानं. माह्या नाकासमोर बोट धरून. बोट जराबी कापत नोतं.