न्हाणीघरातलं शेवाळ

शिवणवाल्या काकूंच्या न्हाणीघरात बादलीला जागा कमी आणि शेवाळाला जास्त. काका कॉलेजात कीटकशास्त्र शिकवायचे. ओल्या शेवाळात राहणारे, तिळाहून बारीक, मखमली अंगाचे किडे त्यांनी उथळ ट्रेमध्ये पाळले होते. "ढेकणांचे भाऊबंद," असं ते कौतुकाने सांगायचे. काकू म्हणायच्या, "लोक ढेकणांना औषध घालतात, आमच्याकडे त्यांचं माहेरपण चालतं!"

एका सकाळी काका तिथेच कोसळले. उजवं अंग लुळं पडलं, वाचा गेली. काकूंनी शिलाई मशीनवर झाकण घातलं आणि हॉस्पिटलात मुक्काम ठोकला. बऱ्याच दिवसांनी काकांच्या तोंडून पहिला शब्द फुटला, "पाणी." नर्सने पेला पुढे केला, तर त्यांनी मान फिरवली. काकूंना न्हाणीघरातले ट्रे आठवले.

त्या तशाच घरी धावल्या. शेवाळ वाळून कुरकुरीत झालं होतं. त्यांनी पाणी शिंपडलं, काकांचं भिंग घेऊन बसल्या. एकही किडा हलला नाही.

काकू परत आल्यावर काकांनी डोळ्यांनीच विचारलं.

"मजेत आहेत सगळे," काकू म्हणाल्या. एकदा खोटं बोलल्यावर पुढचं सोपं गेलं. "आणि तुमचा हातही पहिल्यासारखा होणार. डॉक्टरच म्हणाले."

काका घरी यायच्या आदल्या दिवशी काकूंनी नाल्याकाठचं हिरवंगार शेवाळ आणून ट्रे भरले. काकांनी आल्या आल्या न्हाणीघराकडे बोट दाखवलं. भिंगातून बराच वेळ पाहत राहिले.

"हे... आपलं नाही."

"अहो, आपलंच की—"

"खोटं... नको."

काकूंना रडू कोसळलं. "मेले हो सगळे! मी तुमच्या उशाशी बसले होते. कुणाकुणाकडे बघणार होते मी?"

काकांनी भिंग बाजूला ठेवलं. डाव्या हाताने उजवा हात उचलला आणि मांडीवर घेतला.

"मग... हा?"

एक खोटं उघडं पडलं की दुसरंही पडणार, हे काकूंच्या लक्षातच आलं नव्हतं. 

"सांगता येत नाही म्हणाले. कदाचित असाच राहील."

त्या दिवशी काका जेवले नाहीत. एरवी चार घास खाल्ल्याशिवाय उठू न देणाऱ्या काकूंनी एकदाही आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी त्या चहा पाजायला बसल्या, तेव्हा काकांनी डाव्या हाताने कप ओढून घेतला. निम्मा चहा चादरीवर सांडला. काकूंनी फडकं आणलं, चादर पुसली. कपाला मात्र हात लावला नाही.