भिंतीवर न मावलेला शब्द

रांजणात टॉर्च मारला आणि माझ्या तोंडून एकदम "या अल्ला!" निघालं. शेजारी उभ्या असलेल्या लताबाई दचकल्या. रांजण रिकामा होता. म्हणजे आम्ही दोघं इतके दिवस ज्याला रिकामा म्हणत होतो, तसा होता. तळाला जेमतेम चार बोटं पाणी, आणि ते पाणी नुसतं वळवळत होतं.

"भाऊ, काय हाय त्यात?" लताबाईंनी विचारलं.

अर्धं आयुष्य डासांच्या मागं घालवलेला माणूस मी. अळ्या काय कमी बघितल्या होत्या? पण तळहाताएवढ्या पाण्यात एवढी गर्दी कधी बघितली नव्हती.

माझा हुद्दा कीटक समाहारक. हे नाव फक्त सरकारी कागदावर चालतं. साध्या भाषेत सांगायचं तर डास पकडणारा माणूस. पहाटे लोकांच्या गोठ्यात शिरायचं, भिंतीवर बसलेले डास काचेच्या नळीनं ओढून घ्यायचे, कुठल्या जातीचे आहेत ते बघायचं. मग घरोघरी पाण्याच्या भांड्यांत अळ्या शोधायच्या. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांत पायपीट. माझं नाव रशीद आहे हे फार थोड्यांना ठाऊक. बाकीच्यांसाठी मी 'डासवाले भाऊ'.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्यातली. बोरी बुद्रुकच्या पुढं, मळ्यांच्या मधे एक वस्ती आहे. तिथं एका खोलीची अंगणवाडी होती आणि लताबाई तिथल्या सेविका. खोलीच्या मागं जमिनीत अर्धा पुरलेला मातीचा रांजण. पोरांचे हातपाय आणि ताटल्या धुवायला त्याचं पाणी. त्या वर्षी अंगणवाडीतली चार पोरं पाठोपाठ तापानं पडली. त्यातली पिंकी चार वर्षांची. तिला पुण्याला मोठ्या दवाखान्यात हलवावं लागलं. तपासणीत डेंगी निघाला.

डेंगीचा डास दिवसा चावतो. पोरं दिवसा कुठं असतात? अंगणवाडीत. पिंकीचे आजोबा बबनराव हे वस्तीतलं वजनदार माणूस. त्यांनी सरळ हिशोब मांडला. बाईंचं लक्ष नाही, पाणी साचतं, डास होतात, बाईंना काढा. अर्ज तयार झाला, खाली सह्या-अंगठे झाले. पुढच्या गुरुवारच्या ग्रामसभेत तो ठेवायचं ठरलं.

आमच्या साहेबांनी मला बोलावलं.

"रशीद, जाऊन बघ. बाईंचा हलगर्जीपणा असेल तर तसं लिही. नसेल तर तसं लिही. तुझ्या रिपोर्टवर त्या बाईची नोकरी आहे, एवढं ध्यानात ठेव."

"साहेब, लताबाई तसल्या नाहीत. माझ्या सगळ्या एरियात कोरडा दिवस पाळणारी तीच एक बाई आहे."

"मग पोरं आजारी कशी पडली?"

याचं उत्तर शोधायलाच मी त्या दिवशी रांजणाशी उकिडवा बसलो होतो.

कोरडा दिवस म्हणजे काय ते सांगतो. अंड्यातून डास बाहेर पडायला साधारण आठवडा लागतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी मोकळी करायची, म्हणजे अळ्या पाण्याबरोबर जमिनीवर पडून मरतात. आमच्याकडं हा दिवस गुरुवार. अंगणवाडीत खिळ्याला एक कार्ड लटकवलेलं असायचं. त्यावर दर गुरुवारी 'पाणी रिकामे केले: होय', पुढं लताबाईंची सही. मी फेरीवर असलो की तिच्याखाली माझी. एकही गुरुवार सुटलेला नाही. मी वरून डोकवायचो, रांजण रिकामा दिसायचा, सही ठोकायचो. रिकाम्या रांजणात काय बघायचं, असा माझा खाक्या. नळाचं पाणी त्याच दिवशी यायचं, तासाभरात रांजण परत काठोकाठ.

"बाई," मी म्हणालो, "रिकामा कसा करता ते मला करून दाखवा."

"आता ह्यात काय दाखवायचं?" त्या फणकाऱ्यानं म्हणाल्या. पण शेजारच्या पिंपातलं पाणी त्यांनी रांजणात ओतलं, तांब्या घेतला आणि उपसायला लागल्या. रांजण पुरलेला, कलंडवता येत नाही. उपसत उपसत खाली गेल्या. तांब्या नीट बुडेना तशा थांबल्या.

"झाला रिकामा."

"आणि हे खालचं?"

"ते असूं द्यायचं. रांजनाचा तळ दाखवत न्हाईत, भाऊ. घर रितं व्हतं. तळ झाकंल एवढं पानी ठेवायचं."

मी कपाळावर हात मारला. अळीवर नुसती सावली पडली तरी ती बुडी मारून तळाला जाते. तांब्या आत गेला की सगळ्याच्या सगळ्या खाली. बाई वरचं चांगलं पाणी फेकत होत्या आणि अळ्या जपून ठेवत होत्या. आणि मी त्यावर सही करत होतो!

"बरं, आतून घासता कधी?"

"रांजन?" लताबाई हसल्याच. "अवो भाऊ, रांजन कुनी घासतं व्हय? घासला की पानी गार व्हत न्हाई."

मी बाही वर करून आत हात घातला. रांजणाच्या आतल्या अंगाला बुळबुळीत थर होता, भिजलेल्या साबणासारखा. पाण्याच्या रेषेच्या जरा वर चहाच्या भुकटीसारखे काळे ठिपके चिकटलेले. ती अंडी. हा डास अंडी पाण्यात टाकत नाही, पाण्याच्या वर ओल्या कडेला चिकटवतो. ती महिनोन्‌महिने वाळली तरी मरत नाहीत. पाणी परत वर चढलं की फुटतात.

"बाई, घासायचं असतं हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

त्यांनी भिंतीकडं बोट केलं. अंगणवाडीच्या भिंतीवर गेरूनं मोठ्या वळणदार अक्षरांत लिहिलेलं होतं: 'दर गुरुवारी पाणी रिकामे करा. कोरडा दिवस पाळा.'

"तुमी जे लिवलं, तेच मी केलं. लेकीच्या बाळंतपनाला गेले तवा बी शेजारनीला सांगून गेले. आनखी काय करायचं व्हतं मी?"

ते अक्षर माझं होतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून भिंती रंगवायचं काम मीच हौसेनं अंगावर घेतलेलं. ऑफिसातून आलेला मजकूर मला तोंडपाठ होता: 'भांडी रिकामी करा, आतून घासा, कोरडी करा, मग भरा.' दार आणि खिडकीमधली भिंत अरुंद, म्हणून मी तो आखूड केला. 'आतून घासा' गेलं. शिवाय तो आखूड मजकूर इतका झकास दिसला, की पिंपरी पेंढारपासून अवसरीपर्यंत सगळीकडं मी तोच रंगवत गेलो. ते आठवलं तसा मी तडक गावात गेलो.

साहेबांना फोन केला. पीसीओवरून, कारण माझ्याकडं मोबाईल नव्हता. सगळं सांगितलं.

"शब्द कुणी कापला?"

"मीच, साहेब."

"हं. आता ऐक. त्या थराला लोक नुसतं शेवाळ समजतात. तो जिवंत असतो. डोळ्यांना न दिसणारे जंतू त्यात कोट्यवधी. अळी तेच खाऊन वाढते. ते जंतू नसले तर अळी अळीच राहते, तिचा डास होत नाही. हे तू सभेत तोंडानं सांगशील तर लोक हसतील. बरणी लाव."

बरणी लावणं म्हणजे काय ते मला ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं, पण मी कधी करून बघितलं नव्हतं. रांजणातल्या केसाएवढ्या बारीक अळ्या ड्रॉपरनं उचलल्या आणि जुन्नरला घरी आणल्या. काचेच्या दोन बरण्या गरम पाण्यानं धुतल्या. दोन्हीत उकळून गार केलेलं पाणी घातलं आणि सारख्याच अळ्या सोडल्या. फरक एवढाच, की दुसरीत रांजणाच्या आतली बुळबुळ एक बोटभर घातली. वर मलमलचं फडकं बांधून फडताळात ठेवल्या.

तिसऱ्या दिवशी बघितलं तर दुसऱ्या बरणीतल्या अळ्या तांदळाएवढ्या झालेल्या. पहिलीतल्या होत्या तेवढ्याच, नुसता दोऱ्याचा तुकडा. सहाव्या दिवशी दुसरीत कोष धरले, स्वल्पविरामासारखे वाकडे. पहिलीत निम्म्या मेल्या होत्या. उरलेल्या तशाच बारीक, तळाला पडून. मी फडताळासमोर खुळ्यासारखा उभा. पाणी एक, अळ्या एक, बरण्या एक. एका बोटाच्या बुळबुळीनं केवढा फरक! नोकरीभर मी पाण्याकडं बघत आलो होतो. भांड्याच्या आतल्या अंगाकडं कधी बघितलंच नव्हतं.

गुरुवारी सभेत दोन्ही बरण्या टेबलावर ठेवल्या. दुसरीत फडक्याखाली पांढऱ्या पट्ट्यांच्या पायांचे डास बसलेले. पुढं बसलेल्या बायका पदर सावरून मागं सरकल्या.

बबनराव उठून जवळ आले, वाकून बघितलं. "आन ह्या पयल्या बरनीत कसं काय न्हाई?"

"त्यात खायला काही नाही, बबनराव. दुसरीत रांजणाची बुळबुळ आहे, बोटभर. त्या बुळबुळीच्या वासानंच डासाची मादी अंडी घालायला येते. त्यातले जंतू पाण्यातला प्राणवायू खातात, तो कमी झाला की अंडी फुटतात. आणि तेच जंतू खाऊन पिल्लं पोसतात. आपण घर बांधून, जेवण वाढून ठेवलंय त्यांना."

"म्हंजी बाईचा रांजन घान. मी तेच तर म्हनतोय!" ते सभेकडं वळले.

"तुमच्या घरचा रांजण शेवटचा कधी घासला?" मी विचारलं.

मागून कुणीतरी म्हातारी बोलली, "रांजन कुनी घासतं व्हय!"

"मंग चूक कुनाची?" बबनरावांचा आवाज चढला. "माझी नात तिकडं सलाइनच्या बाटलीवर हाय. कुनाची तरी असंलच की चूक!"

मी खिशातून रिपोर्ट काढला आणि वाचला. सेविकेनं तिला दिलेली सूचना अक्षरशः पाळली. सूचनाच अर्धवट होती. ती भिंतीवर मी लिहिली, कार्डावर सही मी केली, रांजणात हात मी कधी घातला नाही. पिंकीला याच रांजणातला डास चावला हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही, पण चावला असेल तर त्यात दोष माझा आहे, लताबाईंचा नाही.

बबनरावांनी अर्जाची घडी केली आणि खिशात घातली. "पोरगी घरी येऊं द्या. मंग बघू," एवढंच म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

पण खरी अडचण पुढंच होती. रांजण घासायचा म्हणजे तळ दाखवायचा, आणि ते करायला एकही बाई तयार होईना. मी जंतू सांगितले, प्राणवायू सांगितला. बायकांनी नुसत्या माना हलवल्या. शेवटी लताबाईच उठल्या. आठ दिवस ज्यांच्यावर चिखलफेक चालली होती त्या बाई, आवाज जरासुद्धा न कापता बोलल्या.

"रिता ठेवायचा न्हाई ना? मग ठेवू नगा. घासला, पुसला, की त्यात मूठभर बाजरी टाकायची. पानी भरायच्या येळंला काढून घ्यायची. रांजन बी रिता न्हाई आन घर बी रितं न्हाई."

ओल्या रांजणात बाजरी टाकून भिजवणार कोण? म्हणजे आधी तो कोरडा खडखडीत पुसणं आलंच. आमचं अख्खं खातं जे पाच वर्षं सांगत होतं ते त्या बाईनं एका मुठीत बसवलं. त्या गुरुवारपासून वस्तीत घराघरातून नारळाच्या काथ्याचा खसखस आवाज यायला लागला.

पिंकी महिन्याभरानं घरी आली, काडीसारखी झालेली, पण आली. अर्ज बबनरावांच्या खिशातून परत कधी निघाला नाही. लताबाई तिथूनच रिटायर झाल्या. मला मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता.

माझे अब्बा जुन्नरच्या बाजारात कल्हई करायचे. सगळ्यात जास्त लाज मला त्यांच्यापुढं वाटली. मी सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, "कल्हईवाले का बेटा और घिसना भूल गया?" भांडं घासल्याशिवाय कल्हई धरत नाही, हे मी शाळेत जायच्या आधी शिकलो होतो.

पुढच्या आठवड्यात गेरूचा डबा घेऊन मी त्या अंगणवाडीसमोर उभा राहिलो. आता 'आतून घासा' कुठं कोंबायचं म्हणून भिंत नीट निरखली. खिडकीच्या खाली चांगली दोन हात जागा मोकळी होती. ती पहिल्यापासूनच होती.