सगळ्यांना पुरतील इतके पत्ते

वेतुरिया पास्कारू दुष्ट नव्हती. पण कासियानाचं नाव निघालं की तिच्या पोटात दुखायचं, आणि ते लपवायचं कसब काही देवाने तिला दिलं नव्हतं.

रोमानियातल्या ब्राइला शहरात, डॅन्यूब नदीकाठच्या वस्तीत, इंटरनेट आलं तेच मुळी वेतुरियाने वीस वर्षांपूर्वी या गच्चीवरून त्या गच्चीवर तारा ओढल्या म्हणून. पुढे त्याची कंपनी झाली, ग्रिगोरे नावाचा मालक आला, पण पत्ते वाटण्याचं काम तिच्याच हाती राहिलं. इंटरनेटवर प्रत्येक घराला पत्ता लागतो. जुन्या पद्धतीचे, चार संख्यांचे पत्ते जगभरच संपत आले होते. कंपनीकडे जेमतेम पाचशे, आणि घरं तीन हजार. मग एकेका पत्त्यामागे दहा-दहा घरं कोंबायची. ज्याला दुकानातला कॅमेरा घरबसल्या बघायचा असेल, स्वतंत्र पत्ता हवा असेल, त्याने वेतुरियाकडे यायचं. लोक वांग्या-मिरच्यांच्या झाकुस्काची बरणी घेऊन यायचे. ती बरणी ठेवून घ्यायची आणि म्हणायची, "बघते." आयुष्यात नवऱ्यापेक्षाही तिला हे "बघते" प्रिय होतं.

मग शेजारच्या गालात्स शहरातून कासियाना दुंब्रावा कंपनीत कामाला आली. वय तीस, केस कापलेले, आवाज मऊ. तिने आणलेले नव्या पद्धतीचे पत्ते लांबलचक, पाठ न होणारे, आणि इतके की प्रत्येक घराला, घरातल्या प्रत्येक दिव्यालासुद्धा पुरून उरतील. मागायला कुणी यायलाच नको. महिनाभरात लोक वेतुरियाच्या टेबलापुढून सरळ कासियानाकडे जाऊ लागले. ती सगळ्यांशी हसून बोलायची. वेतुरियाला ते हसणं खुपायचं, ते केस खुपायचे, पोरीचा चहासुद्धा खुपायचा.

पहिली तीनशे घरं नव्या पत्त्यांवर आली आणि गडबड झाली. छोटी पानं उघडायची. मोठी अर्ध्यात अडकायची. ग्रिगोरेने शुक्रवारपर्यंत मुदत दिली. नाही जमलं तर नवं बंद, जुनं चालू, आणि कासियाना परत गालात्सला.

दोष कुठे होता ते वेतुरियाला मंगळवारीच कळलं. दोष तिचाच होता. जाळ्यात काय आत सोडायचं आणि काय अडवायचं, त्या नव्या दाराचे नियम मीच लिहिणार असा तिने हट्ट धरला होता, आणि वीस वर्षांच्या सवयीने पहिलीच ओळ लिहिली होती: बाहेरून येणारे फुटकळ निरोप अडवा. पूर्वी टवाळ पोरं असले निरोप मारून जाळं बंद पाडायची, म्हणून ही सवय. जुन्या पद्धतीत ते खपून जायचं. माहितीचा गठ्ठा मोठा झाला तर वाटेवरची यंत्रं तो फोडून पुढे ढकलायची. नव्या पद्धतीत वाटेत कुणी फोडत नाही. "मोठा आहे, लहान करून पाठव" असा निरोप उलट येतो. तोच वेतुरिया दारात अडवत होती.

ती गप्प बसली. बुधवारभर कासियाना वणवण फिरली, आणि वेतुरियाने ते चवीने पाहिलं.

गुरुवारी सकाळी हारालांबिए आला. नदीवर जहाजांना वाट दाखवण्यात म्हाताऱ्याचा जन्म गेलेला. स्पेनमधल्या मुलीने पाठवलेले नातीचे व्हिडिओ त्याच्याकडे उघडत नव्हते. वेतुरिया गोड आवाजात म्हणाली की जुनंच बरं होतं, नाही का.

"ते मला काय कळतंय," तो म्हणाला. "पण ती पोर काल तीन तास माझ्याकडे जमिनीवर बसली होती. जेव म्हटलं तर जेवली नाही. तू गं वीस वर्षांत एकदा तरी माझा उंबरा ओलांडलास का?"

वेतुरियाच्या अंगाचा तिळपापड झाला. न दुरुस्त करताही पोरीचं कौतुक, आणि जिला उत्तर ठाऊक तिला टोमणे! चांगुलपणा वगैरे काही नाही; ते कौतुक सहन होईना म्हणून ती तडक कासियानाच्या टेबलाशी गेली.

"पहिली ओळ काढ," ती म्हणाली. "मी लिहिलेली आहे. तीच आडवी येतेय."

कासियानाने मान वर केली. "हो, पास्कारूबाई. काल सापडली मला, त्या काकांच्याच घरी, तिसऱ्या तासाला."

"मग काढली का नाहीस?"

"बाजूला तुमचं नाव होतं. म्हटलं, तुम्ही स्वतःच सांगाल. उद्या दुपारपर्यंत वाट बघणार होते. मग काढली असती."

वेतुरियाने खुर्ची ओढली आणि ती ओळ स्वतःच्या हाताने पुसली. हारालांबिएचे व्हिडिओ त्याच दुपारी उघडले.

शुक्रवारी ग्रिगोरेने विचारलं, चूक कुणी शोधली. कासियाना म्हणाली, "पास्कारूबाईंनी." कुणाची चूक होती ते तिने सांगितलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वेतुरियाला मान डोलवावी लागली.

नवे पत्ते राहिले, कासियानाही राहिली. दोघी आता शेजारी शेजारी बसतात, आणि वेतुरिया तिच्यावर आधी जळत होती त्याच्या दुप्पट जळते. पोर हुशार आहे हे तिने एकवेळ सोसलं असतं. पण हिला वागायचंही कळतं, हे काही तिला सोसवत नाही.