भुरीची कडी

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, हे आधी सांगून टाकते. आमच्या घरात तो नसणं ही अभिमानाची बाब होती. माझी आई आरोग्यसेविका. जंगलपट्टीतल्या गावागावांत पायी फिरून तिने बाळंतपणं केली, लशी दिल्या, भगतांशी वाद घातले. चौरस्त्यावर कोणी उतरवून टाकलेला नारळ दिसला की ती तो उचलून घरी आणायची आणि त्याची चटणी आम्हाला खाऊ घालायची. शेजारच्या बाया भेदरून बघायच्या. आमचं साधं पोटही कधी दुखलं नाही.

अशा बाईची मुलगी मी. चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूलच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. त्यामुळे हे लिहिताना हात वारंवार थांबतो… पण जे झालं ते मी एकटीने ऐकलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आमचं गाव मूलपासून थोडं आत आहे. घर अगदी शेवटचं. मागे सांदवाडी — म्हणजे परसू — त्यात एक लिंबाचं झाड, त्यापुढे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आणि लगेच जंगल. इकडे बिबट कुत्र्यासाठी अंगणापर्यंत येतो, त्यामुळे कुत्रं वाचवायचं तर अंधार पडला की घरात घ्यावं लागतं. आणि घरात घ्यायचं तर त्याला शिस्त लावावी लागते. गावात हा उपद्व्याप कोणी करत नाही. आईने केला.

भुरी रस्त्यावर सापडलेली, राखी रंगाची गावठी कुत्री. मागच्या दाराला जुनी साखळीची कडी होती. भुरीला बाहेर नेण्याआधी आई दर वेळी ती कडी वाजवायची, मग दार उघडायची, लिंबाखाली उभी राहायची. काम झालं की पोळीचा तुकडा. शेजारच्या शमीमभाभी भिंतीवरून बघत राहायच्या.

"नर्सबाई, गावाले संडास शिकवणं झालं, आता कुत्रीले शिकवून राह्यल्या काय? एक डबा बी देऊन द्या तिच्या हाती."

आई म्हणाली, "गावानं जेवढे वर्षं लावले ना भाभी, तेवढे ही लावत नाई. पाहून घेजा."

आणि तसंच झालं. थोड्याच दिवसांत भुरी स्वतःच नाकाने कडी वाजवू लागली. पोटात कळ आली की दाराशी जायची, साखळी हलवायची, वळून आईकडे बघायची. आईच्या चेहऱ्यावर तेव्हा जे यायचं, ते मी कॉलेजात पहिली आले तेव्हाही पाहिलं नव्हतं. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला हा कार्यक्रम दाखवला जायचा. चहा नंतर, भुरी आधी.

मागच्या उन्हाळ्यात आई गेली. झोपेतच, कोणाला त्रास न देता.

घरात मी आणि भुरी राहिलो. माझा मोठा भाऊ चंद्रपूरला नोकरीला आहे. मी एकटी राहणार म्हणून त्याला काळजी, त्यात गावात बिबटाने एक वासरू नेलं. आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला आणि त्याने सर्वात आधी मागचं जुनं लाकडी दार काढून लोखंडी पत्र्याचं दार बसवून घेतलं. आतून जाड आडवा बोल्ट. हत्ती आला तरी हलणार नाही, असं तो सगळ्यांना सांगत होता.

त्यानंतर भुरी घरात मुतायला लागली.

नेहमी त्याच जागी — मागच्या दाराशी, आतल्या बाजूला. मी सकाळ-संध्याकाळ तिला वेळेवर बाहेर नेत होते. तिथे ती नीट वागायची आणि तरी दुपारी कॉलेजातून येऊन पाहावं तर दाराशी थारोळं. कधी त्याहून वाईट. मी असतानाही व्हायचं. फिनाईलने पुसलं, व्हिनेगर टाकलं, त्या जागी तिचं पांघरूण ठेवलं. मूलच्या जनावरांच्या डॉक्टरांनी तपासलं. लघवीत काही नव्हतं. दुःख आहे तिला, ते म्हणाले, वेळ द्या. मी इंटरनेटवरही पुष्कळ वाचलं. सगळीकडे तेच होतं: रागावू नका, धीर धरा. मी रागावले नाही. पण फरशी पुसताना दर वेळी मला वाटायचं की आईने या घरात जे उभं केलं ते थोडं थोडं वाहून चाललं आहे. माणूस जातो तो जातो… त्याचं शिकवलेलंही असं पुसलं जावं?

गावात बोललं जाऊ लागलं. नर्सबाईचा जीव कुत्रीत अडकला, कुत्री खूण करून राह्यली, एखादा जाणकार बोलवा. मी त्यांना चहा देऊन परत पाठवत होते.

पावसाळा संपता संपता दादा गाडी घेऊन आला. चामोर्शीकडे त्याच्या सासऱ्यांचं शेत आहे, भुरीला तिथे सोडायचं त्याने ठरवलं होतं. त्याने आल्याआल्या तिच्या गळ्यात दोर बांधला आणि दोराचं टोक खाटेच्या पायाला. भुरी आमच्या दोघांच्या मध्ये पडून राहिली. भर दुपार होती, समोरचं दार उघडं होतं.

"मले हौस नाई नंदा तिले नेण्याची," दादा म्हणाला. "पण लोकं भेटाले येतेत आन् नाक दाबून बसतेत. आईच्या घरात? आईच्या?"

"तिकडे बिबट आहे, दादा."

"इथी नाई काय? शेतावर बांधून ठेवतीन ते तिले."

"बांधलेली म्हणजे बिबटासाठी वाढून ठेवलेली," मी म्हणाले.

तो चहाचा कप हातात घेऊन जमिनीकडे बघत राहिला. त्यालाही ती नकोशी नव्हती, हे मला दिसत होतं.

आणि तेव्हा कडी वाजली.

मागच्या दाराची. खण्ण… खण्ण. लाकडावर साखळी आपटल्याचा तो आवाज आम्ही दोघं जन्मापासून ओळखतो.

दादा सहज म्हणाला, "मांगं कोन आलं वं?" आणि मग तो थांबला. मीही थांबले. लोखंडाच्या दाराला साखळी नव्हती. मागे आता लाकडाचं दारच नव्हतं.

भुरी उठली. कान मागे पडलेले, शेपटी जोरजोरात हलत होती. आई गेल्यापासून ती शेपटी मी तशी हललेली पाहिली नव्हती. दोर ताणून ती मागे ओढू लागली, तेव्हा दादाने दोर सोडला. आम्ही तिच्यामागे गेलो.

ती दाराशी गेली आणि पत्र्यावर नाक घासू लागली. जुनी कडी लोंबायची, अगदी त्या उंचीवर. पत्र्यातून आवाज निघत नव्हता. दादा वाकला. तिथे हिरव्या रंगावर तिच्या नाकाच्या वाळलेल्या ठशांचा पांढुरका थर चढलेला होता… एकावर एक, एकावर एक. ती रोज विचारत होती. ऐकू जाईल असं तिच्याजवळ काही उरलं नव्हतं.

मी बोल्ट काढला. सांदवाडीत कोणी नव्हतं. भुरी लिंबाखाली गेली, मोकळी झाली आणि वळून माझ्याकडे नाही, माझ्या बाजूच्या रिकाम्या जागेकडे बघत उभी राहिली. पोळीच्या तुकड्यासाठी बघायची तशी.

दादा आत जाऊन पोळी घेऊन आला.

जुनं दार त्याच्या मित्राच्या गोठ्यात धानाच्या तणसाखाली पडलं होतं, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तो त्याच दुपारी तिथे गेला. कडी गंजून कोयंड्याला घट्ट बसली होती, हातोडीने ठोकून सुटी करावी लागली, असं त्याने सांगितलं. म्हणजे ती तिथेही वाजली नव्हती. मी शेजारीही विचारलं. शमीमभाभी दुपारी अंगणात मिरच्या वाळवत होत्या. त्यांनी काहीच ऐकलं नाही. त्यांच्या फाटकाला साखळी नाही, सुतळी आहे.

दादाने वेल्डरला बोलावून कडी नव्या दारावर लावून घेतली आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाचत बसले होते आणि मागून साखळी वाजली. या वेळी वाजवणारी मला दिसत होती. त्यानंतर आजपर्यंत घरात एक थेंब पडलेला नाही. ती काही विसरली नव्हती. आईने शिकवलेलं इतकं कच्चं नसतं.

दोन माणसांना एकाच वेळी भास होतो का, पत्रा उन्हाने तापून तसा वाजतो का, हे मी धुंडाळून पाहिलं. पत्रा वाजतो, पण असा नाही. याउपर माझ्याकडे काही नाही. दादा तो विषय काढत नाही. फक्त आला की आधी मागच्या दाराशी जाऊन कडीला तेल देतो.

घरी आलेलं कोणी भुरीला कडी वाजवताना बघतं आणि विचारतं, हिला हे कोणी शिकवलं? मी आईचं पूर्ण नाव सांगते, हुद्द्यासकट. पुन्हा कसं आठवलं तिला, असंही एखादं विचारतं. त्याचं उत्तर मला खरोखर माहीत नाही… आणि तरी तोंडात तेच नाव येतं.