अप्पांच्या नव्या गाडीची डावी बाजू

गाडी मिळाल्याचं पत्र आलं तेव्हा अप्पांच्या निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. त्या काळी मद्रासमध्ये नवी गाडी हवी म्हटली की नाव नोंदवायचं आणि वाट बघायची. अप्पांनी इतकी वर्षं वाट पाहिली होती की आईला ते पत्र खरं वाटेना. तिने ते दोनदा माझ्याकडून वाचून घेतलं.

घरात आम्ही तिघंच. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. अप्पा सरकारी इंजिनियर. उमेदीची वर्षं त्यांनी कावेरीच्या कालव्यांवर खात्याची जीप स्वतः चालवत काढलेली. त्यामुळे ड्रायव्हर ठेवायचा प्रश्न नव्हता. एका सकाळी ते एकटे जाऊन करड्या रंगाची ती छोटी गाडी मैलापूरच्या आमच्या गल्लीत घेऊन आले. आईने चारही चाकांखाली लिंबं ठेवली, कापूर ओवाळला. लिंबं चिरडली गेल्यावर अप्पांनी बादलीभर पाणी आणून टायर धुतले. आंबट रस रबराला चांगला नाही, असं त्यांचं म्हणणं.

गाडीबरोबर एक हँडबुक आलं होतं. अप्पा ते रोज संध्याकाळी झोपाळ्यावर बसून वाचत. पहिले पाचशे मैल ताशी तिसाच्या वर जायचं नाही. इंजिन गार असताना ताणायचं नाही. सकाळी निघण्याआधी रेडिएटरमधलं पाणी, ऑइलची पट्टी, चाकांतली हवा. आणि एक गोष्ट हँडबुकात नव्हती, ती त्यांची स्वतःची: बसण्यापूर्वी गाडीभोवती एक फेरी मारायची आणि वाकून खाली बघायचं, कुत्रं निजलेलं असतं, लेकरू बसलेलं असतं. मागच्या काचेवर त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात कागद चिकटवला होता: गाडी नवी आहे, कृपया पुढे जावे. इंग्रजीत एकदा, तमिळमध्ये एकदा.

एवढा सावध माणूस. म्हणूनच गाडी घासली तेव्हा मला नवल वाटलं.

गाडी येऊन दोन आठवडे झाले असतील. फाटकातून बाहेर काढताना डाव्या बाजूचं मडगार्ड खांबाला घासलं. हातभर लांब ओरखडा. अप्पा उतरले, ओरखड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "खांब कलला आहे." दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावून त्यांनी तो खांब हातभर सरकवून घेतला. सरकवण्याआधी गवंड्याने ओळंबा लावून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. खांब सरळच होता. 

मग सायकलवाल्याची गोष्ट घडली. अप्पांची कचेरी चेपाकला, समुद्राच्या अंगाला. माझं कॉलेज त्याच वाटेवर, म्हणून ते मला सोडून पुढे जात. रायपेट्टाच्या एका वळणावर डावीकडून दुधाचा कॅन लावलेला सायकलस्वार आमच्याबरोबर चालला होता. अप्पांनी गाडी डावीकडे घेतली. तो आमच्या आणि रस्त्याकडेच्या कट्ट्याच्या मध्ये सापडला.

"अप्पा, सायकल!"

त्यांनी करकचून ब्रेक दाबला. कॅन गाडीच्या दारावर आपटला, दूध उडालं, तो माणूस एक पाय टेकून कसाबसा उभा राहिला आणि शिव्या देत निघून गेला.

"दिसला होता मज," अप्पा म्हणाले. आमच्या घरची मराठी तंजावरची; 'मला' म्हणायच्या जागी आम्ही 'मज' म्हणायचो, आणि बाहेरून आलेले मराठी लोक आम्हाला हसायचे. "दिसला होता. तू ओरडू नकोस, ओरडलं की माणूस गडबडतो."

पण मी मागून आरशात त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. ब्रेक दाबल्यानंतर त्यांनी आधी उजवीकडे पाहिलं होतं. सायकल कुठल्या बाजूला आहे हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

 त्या दिवसापासून मी मागे बसायचं सोडून पुढे, त्यांच्या डाव्या हाताला बसू लागले. उघड काही सांगायची माझी छाती नव्हती. मग मी बडबड सुरू केली. "अप्पा, ते कलिंगडाचं गाडं बघा, केवढं भरलंय!" "त्या बाईच्या वेणीतली जुई पाहिली का? आत्ता रस्ता ओलांडते आहे." "हा म्हातारा मधेच थांबलाय वाटतं." डाव्या बाजूला जे जे दिसे ते ते मी गप्पांत घालायची. अप्पा "हं" म्हणत आणि चाक थोडं उजवीकडे घेत. त्यांना यातलं किती कळत होतं? मला आजही सांगता येणार नाही. पूर्वी मी फार बोलले की ते वैतागत. आता ते कधीच गप्प बस म्हणाले नाहीत.

कॉलेजच्या दारात मी उतरले की पुढचा दीड मैल ते एकटे. त्या दीड मैलात काय होईल या विचाराने पहिल्या तासाला माझं लक्ष लागत नसे. बाहेर कुणी शिपाई चिठ्ठी घेऊन आला की वाटायचं, आपल्यासाठीच. संध्याकाळी घरी आले की आधी गाडी जागेवर आहे का बघायची, मग चपला काढायच्या.

शेवटी मी आईला सांगितलं. ती स्वयंपाकघरात केळीची पानं पुसत होती.

"माहीत आहे मज," ती म्हणाली. मान वर केली नाही. "गेल्या पोंगलपासून माहीत आहे. पानावर डावीकडे वाढलेली चटणी ते खात नाहीत. आधी वाटलं तिखट झाली. मग एकदा लोणचं वाढलं, त्यांच्या आवडीचं, तेही तसंच राहिलं. आता मी सगळं उजवीकडे वाढते."

"मग तू बोलली का नाहीस?"

"त्यांच्या आईचं असंच झालेलं." आता तिने पान खाली ठेवलं. "काचबिंदू. शेवटची बारा वर्षं त्या भिंत धरून चालायच्या. हे रोज त्यांचा हात धरून न्हाणीपर्यंत नेत. यांना काय मी सांगायचं? यांना आधीच कळलेलं असेल, आणि म्हणूनच ते डॉक्टरकडे जात नसतील."

"पण आई, रस्त्यावर कुणी मेलं तर?"

तिने पुसलेली पानं एकावर एक रचली. मग म्हणाली, "शुक्रवारी मीही येते गाडीत. वाटेत काढते विषय. घरात ते उठून जातात, गाडीतून उठून कुठे जातील?"

शुक्रवारी ती मागे बसली. देवळात जायचं निमित्त होतं. मी नेहमीसारखी पुढे. आईने गल्ली ओलांडेपर्यंत धीर धरला आणि मग म्हणाली, "अहो, एक बोलायचं आहे." तिचा आवाज इतका कापरा होता की मी मागे वळून तिच्याकडे पाहिलं.

तेवढ्याच वेळात डावीकडून मुलींची रांग रस्त्यात उतरली. शाळेच्या लहान मुली, निळे परकर, दोन दोन वेण्या. पुढच्या मुलीने हात वर केला होता, गाड्या थांबतील म्हणून. समोर वळले तेव्हा ती गाडीच्या नाकापासून चार हातांवर होती.

मी काय ओरडले ते आठवत नाही. अप्पांनी ब्रेक दाबला, गाडी थरथरत सरकली आणि थांबली. काहीतरी चाकाखाली चेपल्याचा आवाज आला.  आई मागे "मुरुगा, मुरुगा" म्हणत देवाचा धावा करत होती.

मी दार उघडून बाहेर पडले. मुलगी रस्त्यावर बसली होती. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. मागे उडी मारताना तोल जाऊन ती बसली होती. चाकाखाली होता तिचा जेवणाचा डबा. झाकण चपटं झालेलं, दहीभात रस्त्यावर.

गाडीचा वेग ताशी वीस मैलांच्या आत होता. नवं इंजिन ताणायचं नाही म्हणून. तीसवर असती तर काय झालं असतं, हा हिशेब मी पुढे कितीदा तरी मनात केला.

माणसं जमली. कोपऱ्यावर फुलं विकणारी एक बाई टोपली टाकून धावत आली, मुलीला उचलून कडेवर घेतलं आणि अप्पांच्या अंगावर तमिळमध्ये कडाडली, "डोळे नाहीत का तुला? डोळे फुटले काय?"

असं कुणीही कुणालाही म्हणतं. त्यावर माणूस उलट ओरडतो, किंवा हात जोडतो आणि निघतो. अप्पा गाडीच्या दाराला धरून उभे होते. त्यांनी त्या बाईकडे पाहिलं आणि अगदी हळू, तमिळमध्येच, म्हणाले, "डावीकडचं दिसत नाही, अम्मा. वर्ष होत आलं."

बाई थबकली. तिला वाटलं असावं हा थट्टा करतोय. मग तिने त्यांचा चेहरा पाहिला आणि आवाज खाली आणला. "मग घरच्यांनी कशी चालवू दिली?" ती म्हणाली. हे तिने माझ्याकडे बघून विचारलं.

  आम्ही दोघींनी इतके दिवस अप्पांचं मन जपलं होतं, आणि त्या जपण्यापायी ही पोर जाता जाता राहिली होती.

अप्पांनी मुलीला तिच्या शाळेपर्यंत स्वतः चालत नेलं, तिथल्या बाईंना झालं ते सांगितलं, आपलं नाव-पत्ता लिहून दिला. परत आले ते गाडीत बसले नाहीत. बाजूच्या दोघांच्या मदतीने गाडी ढकलून कडेला लावली. हँडब्रेक ओढला, काचा वर केल्या, चाकामागे दगड लावला, चारही दारं ओढून बघितली. मग किल्ली माझ्या हातात दिली.

"इस्पितळाची बस कुठून मिळते?" त्यांनी विचारलं.

सरकारी डोळ्यांच्या इस्पितळात आम्ही दुपारपर्यंत बाकावर बसलो होतो. आईने तिथेही फराळाचं काही आणलं नव्हतं म्हणून हळहळ केली. डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा फार मोठे नसावेत. त्यांनी बराच वेळ तपासलं. डावा डोळा जवळजवळ गेला आहे, म्हणाले, मध्ये नळीतून बघितल्यासारखं थोडं उरलंय. उजव्याची नाकाकडची बाजू तेवढी गेली आहे, बाकी तो अजून चांगला आहे, रोज थेंब घातले तर तसाच राहू शकेल. गेलेलं परत येणार नाही.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी एकच विचारलं, "हे माझ्या आईकडून आलंय ना? मग हिचे डोळे आत्ता बघा."

मला खुर्चीत बसवलं. तो पाव तास मला फार जड गेला. खोलीत अंधार, डोळ्यांत प्रकाश, आणि दाराशी अप्पांचा श्वास ऐकू येतोय. डॉक्टर म्हणाले, "काही नाही. पण वर्षातून एकदा दाखवत जा." तेव्हा कुठे अप्पा खाली बसले.

शेजाऱ्यांच्या ड्रायव्हरने गाडी घरी आणून दिली. ती विकावी असं आईचं मत पडलं. अप्पा हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. तीन आठवडे गाडी उभी होती. बॅटरी उतरू नये म्हणून ते एक दिवसाआड जाऊन इंजिन सुरू करत, दहा मिनिटं तसंच बसत आणि बंद करून परत येत. एकदा तसेच बसले असताना त्यांनी मला हाक मारली आणि स्वतः सरकून डावीकडच्या सीटवर गेले.

"क्लच कुठला?"

मी दाखवला.

"सरि, बरोबर. पाय ठेव."

आमच्या गल्लीत तेव्हा एकही बाई गाडी चालवत नव्हती. पहिल्या दिवशी मी गाडी तीन वेळा बंद पाडली आणि चौथ्यांदा रडले. अप्पा रागावले नाहीत. गिअरचा खरखर आवाज झाला की मात्र ते डोळे मिटून घेत, जणू त्यांचाच दात कुणी उपटतोय. सकाळी समुद्राकडच्या रुंद रस्त्यावर आम्ही जायचो. "पुढचा माणूस चुकणार आहे असं धरून चाल," ते सांगत. "आणि आपणही."

तीन महिन्यांनी लायसन्सची परीक्षा झाली. इन्स्पेक्टरने मला चढावर गाडी थांबवायला लावली, पुन्हा सुरू करायला लावली. गाडी वीतभर मागे घसरली. मला वाटलं संपलं. त्याने कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाला, "पुढच्या वेळी हँडब्रेक आधी." पण सही केली.

पुढच्या सोमवारी मी अप्पांना कचेरीत घेऊन गेले.  वाटभर ते मांडीवर डबा आणि छत्री घेऊन समोर बघत बसले होते. कचेरीच्या दारात त्यांचे शिपाई आणि दोन कारकून आश्चर्याने उभे राहिले. अप्पा उतरले, दार हलकेच लावलं, खिडकीतून वाकून म्हणाले, "आत्ता सावकाश जा. मी मागे वळून बघणार नाही." आणि खरंच, पाठ फिरवून पायऱ्या चढून गेले.

मग मी एकटी उरले. शेजारची सीट रिकामी. पाठीमागून बसचा हॉर्न, पुढे बैलगाडी, उजवीकडे एक रिक्षावाला मला निरखून बघत असलेला.  मी हात साडीला पुसले, आरशात पाहिलं, हात बाहेर काढून खूण केली आणि गाडी रस्त्यावर घेतली. मैलापूरला पोहोचायला मला पाऊण तास लागला. आई फाटकात उभी होती. केव्हापासून, ते तिने सांगितलं नाही.

अप्पा निवृत्त होईपर्यंत मी त्यांना रोज सोडलं. उजवा डोळा शेवटपर्यंत टिकला. वर्तमानपत्र ते स्वतः वाचत. त्या मुलीला आम्ही नवा डबा नेऊन दिला होता. तिची आई दारातच आली, डबा घेतला आणि आम्हाला आत या म्हणाली नाही. ते बरोबरच होतं.