सातव्या रिळातले तीन फूट

टॉकीज बंद व्हायला आठ दिवस उरले होते आणि ऑपरेटरला काळजी होती ती एकाच प्रिंटची. जुना, काळापांढरा डिटेक्टिव्ह सिनेमा. मालकांनी तो कधीकाळी कायमचा विकत घेतला होता आणि बत्तीस वर्षं दर वर्षी एक आठवडा लावला होता. बाकीचे सिनेमे ऑपरेटर चालवायचा, हा मात्र बघायचा.

त्यात अर्धा पडदा अंधारातच असे. खिडकीच्या पट्ट्यांच्या सावल्या माणसांच्या तोंडावर गजांसारख्या पडत. टोपीवाला डिटेक्टिव्ह एकदाही हसत नाही. जिच्यावर जीव जडला तिलाच शेवटी पोलिसांच्या हवाली करतो आणि चालू लागतो. ऑपरेटरचा सर्वांत लाडका तुकडा सातव्या रिळात होता. ती बाई हातमोजा काढते आणि तिचं भाजलेलं बोट डिटेक्टिव्हला आरशात दिसतं. दोन सेकंद, तीन फूट फिल्म, एक शब्द नाही. सगळा पुरावा तेवढाच.

चित्रपट संग्रहालयाच्या अधिकारी बाई येऊन सांगून गेल्या होत्या, "आमच्याकडे एक प्रत आहे, पण तिच्यात हातमोज्याचा तुकडा नाही. तुमच्याकडे असेल तरच ही नेता येईल. नाहीतर दोन अपुऱ्या प्रती ठेवायला जागा नाही."

"डोळे मिटून न्या," ऑपरेटर म्हणाला होता.

"उघडे ठेवूनच नेईन. गुरुवारी अकराला येते."

प्रिंट गेली नाही, तर मालकांनी ठरवलेला भंगारवाला त्याच दुपारी खुर्च्यांबरोबर तीही उचलणार होता.

शेवटच्या बुधवारी दुपारी त्याने रिकाम्या थिएटरात बायकोसाठी तो सिनेमा लावला. डबा घेऊन आलेली बायको म्हणाली, "लग्नाला एकतीस वर्षं झाली, सवतीचं तोंड आज बघते."

सिनेमा संपल्यावर ती वर मशीनच्या खोलीत आली. "चांगला आहे हो. पण तीच खुनी, हे त्या टोपीवाल्याला कळलं कसं?"

"अगं, बोट दिसलं की. हातमोजा काढते तेव्हा."

"काढला कुठे? घातलेलाच तर होता."

"डुलकी लागली असेल तुला."

"तुमची शपथ. माझी पापणी लवली नाही."

त्याने सातवं रीळ टेबलावर घेतलं. आरशासमोरची बाई, हातमोजा घातलेला. लगेच पुढच्या चौकटीत डिटेक्टिव्हचे डोळे. मध्ये एकच जोड, सुबक, त्याच्याच हातचा.

दुरुस्तीची वही त्याने कधी चुकवली नव्हती. फिल्म तुटली की दोन चौकटी कापून जोड द्यायचा आणि नोंद करायची. 'सातवं रीळ, दोन चौकटी.' अशा चोवीस नोंदी निघाल्या. त्यांची बेरीज मात्र त्याने कधी केली नव्हती. अठ्ठेचाळीस चौकटी, म्हणजे तेच तीन फूट. दर वर्षी पहिल्या खेळाआधी तो नेमका तेवढाच तुकडा बोटांतून ओढून उजेडाला धरायचा, नीट आहे ना म्हणून. बाकीची फिल्म मशीनने झिजवली, ही त्याने. तुकडा इतका पाठ होता, की पडद्यावरून गेला तरी त्याला दिसतच राहिला.

"उद्या म्हणा, आपोआप झिजला," बायको हळूच म्हणाली.

गुरुवारी बाई आल्या. मशीन सुरू करण्याआधीच त्याने वही पुढे केली. "तीन फूट नाहीत. मीच कापलेत."

बाईंनी पानं उलटली. रागावल्या नाहीत, त्याचंच त्याला जड गेलं.

"म्हणजे आता तो तुकडा कुठेच नाही," त्या म्हणाल्या. "निदान काय होतं ते सांगा, टिपून ठेवते. हातमोजा कोणत्या हाताचा?"

ऑपरेटरने उजवा हात वर केला. मग आरसा आठवला आणि डावा केला. मग दोन्ही हात खाली घेतले.

"कोणतं बोट?"

"बायकोला विचारलं असतं," तो म्हणाला, "पण तिने पाहिलाच नाही."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. दुपारी भंगारवाला आला. डबे जड होते, म्हणून एक बाजू ऑपरेटरनेच धरली.